कृष्णाबाईचं खरं तेल

वेसाव्याच्या कोळीवाड्यात कृष्णाबाईचं तेल ठाऊक नाही असं घर नव्हतं. बाळंतिणीची कंबर धरली, होडीवर कुणाचा खांदा निखळला, पोराच्या छातीत कफ भरला, की लोक आधी तिच्या दारात. गवती चहा, ओवा, निर्गुंडीचा पाला आणि आणखी काय काय ती खोबरेलात कढवायची, आणि दार लावून कढवायची. सासूकडून आलेला एक नेम तिनं जन्मभर पाळला होता. औषध देणारीनं गुणाचं श्रेय आपल्याकडे घ्यायचं नाही; घेतलं तर हातातून गुण जातो. म्हणून बरं झालेलं माणूस नारळ घेऊन आलं की कृष्णाबाई ठरलेलं बोलायची, "माझ्या तेलात काय नाय गो, देवीनं केलं." ऐकणारा गालात हसायचा. ती असं म्हणाली की तेल नक्की लागू पडलं, हे वेसाव्यात शेंबड्या पोरालाही कळत होतं.

चौऱ्याऐंशी साली तिच्या स्वतःच्याच गालात आतून चट्टा उठला. जन्मभर दातांना तंबाखूची मिश्री लावलेली. मग जबड्याखाली गाठ आली. तिनं वरून तेल चोळलं, आत पाला चघळला, देवीला नवस बोलली, आणि गाठ आपली वाढतच राहिली. शेवटी मुलुंडला दिलेली तिची लेक वनमाला आली आणि आईला जवळजवळ ओढत परळच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. वाड्यात सांगितलं, लेकीकडे चालले, तिला बरं नाही.

परळला रोज लाईट द्यायचे, यंत्राखाली निजवून गाठीवर किरणांचा मारा. तिथली डॉक्टरीण वयानं लहान, पण बोलायला स्पष्ट. घरचं काय काय घेता ते तिनं आधी विचारून घेतलं. लाईट दिलेल्या कातडीला तेलाचं बोटही लावायचं नाही, काढा पोटात घ्यायचा नाही, असं बजावलं. मळमळलं तर गवती चहाचा वास घ्या, हातपाय चोळून घ्या, त्याला माझी ना नाही, म्हणाली. वर हसून म्हणाली, "तेल चांगलंय मावशी. पण माझं काम ते करणार नाही." कृष्णाबाईला हे झोंबलं, तरी ऐकलं तिनं सगळं. मरणाची भीती भल्याभल्यांना शहाणं करते. गाठ विरघळली. तोंडातली लाळ मात्र आटली, माशाची चव गेली आणि गालाची कातडी तव्यासारखी काळी झाली.

ती घरी परतली तेव्हा अंगणात बाया जमल्या. सगळ्यांत पुढे मथुरा, शेजारीण. मथुरा बोलली की आळी बोलली असं तिचं वजन. तिनं गाठीची जागा चाचपून पाहिली आणि विचारलं, "तेल लावलंस ना?" खरं सांगायची ती वेळ होती. पण हीच कृष्णाबाई वर्षानुवर्षं लोकांना सांगत आली होती की इस्पितळात माणसं मरायला जातात. कितीजणांना तिनं दारातून परत फिरवलं होतं. आता कुठल्या तोंडानं सांगणार? ती म्हणाली, "लावलं तर." खोटंही म्हणता येणार नाही. हातापायांना लावलंच होतं.

वर्ष उलटलं आणि मथुरेनं आपल्या सुनेला तिच्यापुढे आणून बसवलं. सगुणा जेमतेम तिशीची, अंधेरीच्या बाजारात मासळी विकणारी, भांडायला आणि हसायला सारखीच पुढे. कृष्णाबाईनं बॅटरी मारून तिच्या गालात पाहिलं. तोच चट्टा. मथुरा दारातल्या बायांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "हिच्या हाताला देवीनं गुण दिलाय, आमी कशाला परळ बघतोय." हे ऐकून कृष्णाबाईला बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. उद्या सांगू, एकटीला गाठून सांगू, असं मनाशी म्हणत तिनं बाटली भरून दिली. उद्याचा परवा झाला, आणि परवाचे महिने झाले.

सगुणाच्या जबड्याखाली गाठ आली त्या दिवशी मात्र कृष्णाबाईचा धीर सुटला. तिनं सगुणाला आत घेतलं, दार लावलं आणि सगळं ओकून टाकलं. परळ, लाईट, डॉक्टरीण, सगळं. म्हणाली, "माझ्या तेलात काय नाय गो पोरी. उद्या चल माझ्याबरोबर."

सगुणा गालात हसली.

त्या हसण्याचा अर्थ कळायला कृष्णाबाईला वेळ लागला नाही. तिनं शपथा घेतल्या. काळा गाल पुढे केला, म्हणाली, हे लाईटनं भाजलंय. सगुणानं त्यावरून हळूच बोट फिरवलं आणि कौतुकानं म्हणाली, "केवढं जालीम असंल तेल."

मग कृष्णाबाईनं वनमालाला बोलावून घेतलं. ती बिचारी मुलुंडहून धावत आली, मथुरेच्या घरी जाऊन तिनं सगळं नीट समजावलं. मथुरेनं तिला चहा पाजला आणि ती गेल्यावर आळीत सांगितलं की कृष्णाबाईनं लेकीला विद्या दिली, लेकही आता आईसारखीच बोलते. शेवटी कृष्णाबाई बोंबील वाळवायच्या जागी सगळ्या बायांसमोर उभी राहून ओरडली की मी खोटारडी आहे, मला इस्पितळानं बरं केलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एवढ्या जोरात तर ती कधीच नाकारत नसे. त्या दिवशी तिच्या दारात नेहमीपेक्षा जास्त गर्दी झाली. मथुरा मात्र बिथरली. आमच्या सुनेला पातळ तेल देते, खरं तेल आपल्यासाठी राखून ठेवते, असं ती उघड बोलू लागली, आणि हे मात्र आळीला लगेच पटलं.

सगुणाचा नवरा हरेश्वर मासेमारी आटोपून आला तेव्हा तिचा गाल बाहेरून फुटला होता. त्यानं आईचं न ऐकता तिला परळला नेलं. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं, उशीर झालाय म्हणून सांगितलं, दुखणं कमी व्हावं एवढ्यापुरते थोडे लाईट दिले आणि घरी न्यायला सांगितलं.

सगुणानं कृष्णाबाईला बोलावणं धाडलं. खोलीत शिरवत नव्हतं इतका जखमेचा वास येत होता. सगुणा उरली नव्हतीच. डोळे तेवढे होते. कसंबसं तोंड हलवून ती म्हणाली, "मावशी, आता तरी मना खरं तेल दे."

कृष्णाबाई घरी गेली. खरं तेल असं काही असतं तर तिनं ते घागरी भरून आणलं असतं. नेहमीच्याच तेलात तिनं गवती चहाचा अर्क जास्तीचा ओतला, निदान त्या वासानं ती दुर्गंधी तरी झाकली जाईल म्हणून. परत येऊन तिनं ते सगुणाच्या तळहातांना, तळपायांना चोळलं. जखमेच्या जवळपासही बोट नेलं नाही. खोलीभर नवा वास पसरला. सगुणानं डोळे मिटून तो आत ओढला, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी सैल पडली.

"हेच," ती म्हणाली. "हेच ते." मग डोळे उघडून तिनं विचारलं, "अगोदर का नाय दिलंस?"

दारात मथुरा उभी होती, पायथ्याशी हरेश्वर. कृष्णाबाई पुन्हा एकदा परळचं सांगू शकली असती. पण या पोरीनं मरताना पुन्हा एकदा तिच्याकडे बघून तसं हसावं, हे तिला सोसणार नव्हतं. ती सगुणाचे पाय चोळत राहिली.

"मुद्दाम नाय दिलं," ती म्हणाली.

या वेळी सगुणानं तिच्यावर लगेच विश्वास ठेवला. तिनं आपले पाय तिच्या हातांतून ओढून घेतले आणि तोंड भिंतीकडे केलं.