नारळ फोडून दिलेले चार फूट

संपत चौथ्यांदा जुन्नरला निघाला तेव्हाच त्याचं डोकं तापलेलं होतं. घराला पुढून एक पडवी काढायची, एवढंच काम. त्यासाठी त्याने घातलेल्या हेलपाट्यांत दुसऱ्या कुणी दुमजली बंगला बांधून वास्तुशांतीचं जेवणही उरकलं असतं.

पडवी हौसेची नव्हती. त्याची बायको रत्ना म्हणजे पिंपळवंडीच्या मधल्या आळीत घरोघर डोकावून येणारी बाई. आठ महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून पडली आणि तिचं कमरेखालचं अंग लुळं झालं. चाकाची खुर्ची घरभर फिरे, पण दाराशी येऊन अडे, कारण पुढे पाच उंच पायऱ्या. तिथे पडवी आणि उतरता रॅम्प झाला की रत्ना आपल्या हाताने चाकं फिरवत आळीत जाणार होती. तोवर ती उंबऱ्याच्या आत बसून रस्त्याचा जेवढा तुकडा दिसेल तेवढा बघत होती.

नियम असा, की रस्त्याच्या कडेपासून बांधकाम दहा फूट मागे हवं. पडवी धरली तर संपतचे सहाच उरत होते. बाकीचे चार फूट रस्त्यात होते, म्हणून त्याने नियमातून सवलत मागणारा अर्ज केला होता.

मधल्या आळीचा रस्ता पूर्वी बैलगाडीपुरता. टोमॅटो न्यायला पिकअप आत येईना, म्हणून वीस वर्षांपूर्वी आळीतल्या आठही घरांनी मारुतीपुढे नारळ फोडला आणि आपापल्या दारापुढची चार-चार फूट जागा सोडली. कागद कुणी केला नाही. घरच्या घरात कागद कशाला, असं तेव्हा सगळ्यात मोठ्याने संपतच म्हणाला होता. आता ते आठवलं की त्याला स्वतःच्याच मुस्काटात द्यावीशी वाटे.

जुन्नरच्या कचेरीत अर्ज बघणाऱ्या मोहिनी मॅडम वाईट नव्हत्या. त्याचाच जास्त त्रास होता, धड भांडताही येत नव्हतं.

"तुमच्या मोजणीच्या नकाशावर अंतर पुरेसं आहे," त्या म्हणाल्या. "त्यामुळे सवलत लागतच नाही."

"मग बांधायची परवानगी द्या की."

"ती कशी देणार? जागेवर पाहणी केली तेव्हा चार फूट कमी भरले."

"म्हणून तर सवलत मागतोय मी."

"पण नकाशावर कमी नाहीत ना."

संपतने डोळे मिटून घेतले. "मॅडम, ती जागा आमीच रस्त्याला दिली."

"दिल्याचा कागद आणा. नसेल तर आळीतल्या सगळ्यांनी लिहून द्यायला हवं, की प्रत्येकाने जागा सोडली म्हणून रस्ता झाला. मग मी स्वतः प्रकरण साहेबांपुढे ठेवते."

सात सह्या. संपतला वाटलं, संध्याकाळपर्यंत होतील. तीन आठवडे गेले. प्रत्येक घरी त्याला पाटावर बसवलं, वहिनी कशा आहेत म्हणून विचारलं आणि रिकाम्या हातांनी परत पाठवलं. वहिनी वीस पावलांवर बसलेल्या होत्या, पण स्वतः येऊन बघायला कुणाला सवड नव्हती.

शेजारच्या सोपानने निदान खरं सांगितलं. "सही करीन संपतभाऊ, पण एकदा कागदावर आलं की मोजणी माझ्या दारात येणार. मी नंतर पायऱ्या काढल्या, त्या त्याच चार फुटांत हायेत."

म्हणजे नारळाचा प्रसाद खाऊन दिलेली जागा गड्याने गुपचूप परत घेतली होती. आणि बहुतेकांनी तेच केलं होतं. प्रामाणिकपणे जागा सोडून बसलेला शहाणा एकटा संपत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नकाशा हातात घेतला, आपले चार फूट मोजले आणि त्या रेषेवर रस्त्यातच पाच मोठे दगड मांडले. कागद म्हणतो माझं, तर माझं.

टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेली पिकअप अडकली. हॉर्न वाजला, आरडाओरडा झाला, बघता बघता सगळी आळी संपतच्या दारात. आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

"मला बाहेर न्या," आतून रत्ना म्हणाली.

सोपान आणि तिघांनी खुर्चीसकट तिला उचललं. पायऱ्यांवर खुर्ची कलली तेव्हा तिने डोळे गच्च मिटले आणि सोपानचा सदरा मुठीत धरला. तिला दगडांपाशी ठेवलं. उन्हात ती फार फिकी दिसत होती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"वहिनी, तुमीच समजवा ह्याला," सोपान म्हणाला. "माल नासतोय. अन् तुमाला बाहेर यावंसं वाटलं तर नुसता आवाज द्या. आमी चौघं हायेत की उचलायला."

संपतला एकदम लाज वाटली. लोकांचा माल नासवून त्याला काय मिळणार होतं? तो पहिला दगड उचलायला वाकला.

"ऱ्हाऊ द्या तो," रत्ना म्हणाली.

मग ती सोपानकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

"भावजी, चौघांनी उचलायचं ते एकदाच. ती येळ यील तवा उचला, मी न्हाई म्हणायला नसंन. तवर मला माझी माझी येऊ द्या."

पिकअपवाल्याने इंजिन बंद केलं.

सोपानने खाली मान घालूनच संपतकडे पेन मागितलं.