विष कोणी विसरतं का?

अंगणातल्या बाजेवर कादंबरी झोपली होती आणि तिच्या उशाशी, खाली जमिनीवर, फवारणीच्या औषधाची बाटली उघडी होती. शेजारी घरातला स्टीलचा पेला. पेल्याच्या तळाशी दुधाळ थेंब. आशाबाई गुरांना पाणी पाजून परतल्या तेव्हा त्यांना एवढंच दिसलं. सून कुठेच नव्हती.

त्यांनी आधी नातीला उचललं. तिच्या तोंडाचा वास घेतला, ओठ पदराने पुसले, पापण्या वर करून पाहिल्या. झोपमोड झालेली चार वर्षांची पोर भोकाड पसरून रडायला लागली. ते रडणं ऐकलं तशा त्या तिथेच मातीत बसल्या आणि ओरडल्या, "पुष्पे! काय केलं वं तू?"

पुष्पांजली घराच्या मागून धावत आली. तिच्या हातात सुई होती. सुईत लाल दोरा ओवलेला होता.

"आत्याबाई, यायनं औषध काढून देलं अन् मोजून ठेव म्हटलं होतं. माप सापडलं नाई म्हणून पेला घेतला. तेवढ्यात दूध उतू चाललं, म्हणून मी आत गेली…"

"अन् मंग?"

"मंग विसरली."

आशाबाईंनी कादंबरीला पोटाशी घेतलं. "विष कोणी विसरतं का?" त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू होता की पुष्पांजलीला ओरडण्यापेक्षा त्याची जास्त भीती वाटली.

धामणगाव बढ्यापासून चार कोसांवरच्या त्या गावात हे साल सगळ्यांनाच धास्तीचं होतं. बीटी कपाशी आली तेव्हा आता फवारे कमी लागतील असं सगळ्यांनी ऐकलं होतं. पण गेल्या हंगामात गुलाबी अळीने बोंडं आतून पोखरली आणि त्याच पावसाळ्यात यवतमाळकडे फवारताना माणसं गेल्याच्या बातम्या आल्या. पुष्पांजलीचा नवरा हर्षल तेव्हापासून औषध गोठ्यातल्या लोखंडी पेटीत कुलपात ठेवत असे. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गावातली एक बाई औषध पिऊन लेकरासकट गेली होती. तिच्याही घरी कोणाला आधी काही कळलं नव्हतं. नंतर गावात सगळे एवढंच म्हणत, हसतमुख होती, काही बोलली नाही.

पुष्पांजलीही हसतमुख होती.

त्या दिवसापासून घरात कोणी तिला काही विचारलं नाही. हर्षलने पेटीची किल्ली करगोट्याला बांधली. विहिरीवरचा दोर काढून नेला. मोरीतली फिनेलची बाटली दिसेनाशी झाली, मग उंदराचं औषध, मग विळी. ती भाजी चिरायला बसली की आशाबाई समोर येऊन बसायच्या आणि चिरून झालं की विळी उचलून न्यायच्या. कादंबरीला त्या कडेवरून खाली उतरवत नव्हत्या. पोरीने आईकडे जायला हात पुढे केले की म्हणत, "राहू दे, तिले काम आहे."

पुष्पांजलीला काहीच काम नव्हतं.

ती रोज त्या सकाळीत परत परत जाऊन पाहायची. बाटली ठेवताना मनात काय होतं? काहीच नव्हतं. पण काहीच कसं नव्हतं? बारा वर्षांच्या पोरालाही औषधाची बाटली उघडी ठेवू नये हे कळतं. मग तिच्या हाताला काही ठाऊक होतं का, जे तिला ठाऊक नव्हतं? गेल्या महिन्यात गॅस तसाच सुरू राहिला होता. त्याआधी अंगणवाडी सुटून दोन तास झाले तरी ती कादंबरीला आणायला गेली नव्हती. ती शेजारणीकडे पापड लाटत बसली होती, पोर अंगणवाडीच्या पायरीवर. प्रत्येक वेळी ती "विसरली" म्हणाली होती. आता तो शब्द तिचा तिलाच खोटा वाटायला लागला. एकदा चुलीपुढे बसल्या बसल्या तिने आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

गावातल्या आरोग्यसेविकेने हर्षलला बाजूला घेऊन सांगितलं, की बुलढाण्याला मनाच्या आजाराच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, अदीबा म्हणून, लवकर दाखवा. पुढच्याच सोमवारी तिघं एसटीने निघाली. कादंबरी आशाबाईंच्या मांडीवर होती. राजूरच्या घाटात गाडी वळणं घ्यायला लागली तसं हर्षलने पुष्पांजलीचं मनगट धरलं. ती खिडकीशी बसली होती. प्रेमाने धरलं की पकडून ठेवलं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

डॉक्टर अदीबा तिशीतल्या होत्या. त्यांनी हर्षलला आणि आशाबाईंना बाहेर बसवलं, दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं, "पुष्पांजलीताई, मरून जावंसं वाटतं का?"

"नाई."

"त्या दिवशी वाटलं होतं?"

"नाई. पण सगळ्यायले वाटते की वाटलं होतं. अन् मले…" तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मले आता माहीत नाई."

डॉक्टरांनी तिला पाणी दिलं. झोप, भूक, रडू, भांडणं, माहेर, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "आता मला ती सकाळ सांगा. बाटली हातात घेतली तिथपासून. काही गाळू नका. सुई कुठून आली?"

पुष्पांजलीने सांगितलं. दूध उतू जाताना ऐकलं, म्हणून बाटली तिथेच ठेवून आत गेली. ओटा पुसायला फडकं घेतलं, ते कादंबरीच्या जुन्या फ्रॉकचं होतं. त्यावरून आठवलं की नव्या फ्रॉकचं बटण तुटलंय. सुईदोऱ्याचा डबा काढला. डब्यात हरवलेलं आधार कार्ड सापडलं, ते ठेवायला फळीकडे गेली. तिथून परत आली तर दोरा ओवायला उजेड कमी पडला, म्हणून मागच्या दारी गेली. तिथे कोंबड्या मेथीच्या वाफ्यात शिरल्या होत्या.

"बाटली कधी आठवली?"

"आत्याबाई ओरडल्या तवा."

"त्या ओरडल्या नसत्या तर?"

पुष्पांजलीच्या डोळ्यांपुढे कादंबरी झोपेतून उठून बाजेवरून पाय खाली सोडत होती. तिला तहान लागलेली होती आणि समोर पेला होता. पुष्पांजलीने ओंजळीत तोंड झाकलं, तशा डॉक्टर खुर्चीवरून उठून तिच्याजवळ येऊन बसल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "तुम्ही मला जे सांगितलं ते मरायला निघालेल्या माणसाचं मला वाटत नाही. लक्ष एका जागी न टिकण्याचा एक प्रकार असतो. एडीएचडी म्हणतात. पण तो असा अचानक तिसाव्या वर्षी येत नाही, लहानपणापासून असतो. तेव्हा तुम्हाला लहानपणी पाहिलेलं माणूस मला हवं. आई आहेत ना? पंधरा दिवसांनी त्यांना घेऊन या. शाळेची प्रगतीपुस्तकं असतील तर तीही. आणि तोवर औषधाला तुम्ही हात लावायचा नाही. हे मी कुठल्याही घराला सांगितलं असतं."

त्या रात्री पुष्पांजलीने माहेरी, बीबी गावाला, आईला फोन केला. जनकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी नाई येत."

"माय, तू नाई आली तर हे लोक…"

"आली तर काय सांगू? पोरगी लहानपणापासून अशीच होती म्हणू? लग्नात मी तुह्या सासूले काय सांगतलं होतं ते आठवते का? घरकामात पक्की, एक वस्तू इकडची तिकडं होत नाई. फसवलं म्हणतीन ते. तुले माहेरी आणून सोडतीन अन् लेकरू ठेवून घेतीन."

फोन ठेवल्यावर पुष्पांजली तशीच उभी राहिली. आई येऊन 'चांगली होती' म्हणाली, तर त्या सकाळी ती मरायलाच बसली होती असं ठरेल. 'अशीच होती' म्हणाली, तर कादंबरी जाईल. दोन्हीकडून पोर तिच्या हातून सुटत होती. पंधरा दिवस तिच्या घशाखाली धड घास उतरला नाही, आणि तेही आशाबाई मोजून पाहत होत्या.

पण जनकाबाई आल्या. मेहकरला गाडी बदलून त्या सकाळीच दवाखान्यात पोचल्या होत्या आणि बाकाच्या टोकाला मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. आशाबाईंना त्यांनी लांबूनच हात जोडले. दोघी विहिणींच्या मध्ये दोन माणसांची जागा रिकामी राहिली.

डॉक्टरांनी पुष्पांजलीला आणि जनकाबाईंना तेवढं आत बोलावलं, तशा आशाबाई उठल्या. "जे काय असन ते माह्या समोर बोला. पोरगी माह्या घरात हाय."

डॉक्टरांनी पुष्पांजलीकडे पाहिलं. तिला नाही म्हणायचं होतं. "येऊ द्या," ती म्हणाली. नाही म्हटलं असतं तर बाहेर बसून सासूने काय काय मनात आणलं असतं, याची तिला जास्त भीती वाटली.

"लहानपणी कशी होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"चांगली होती," जनकाबाई म्हणाल्या. "हुशार होती. शाळेत पयला नाई तर दुसरा नंबर."

"वस्तू हरवायची?"

"लेकरं हरवतेतच."

"काम सांगितलं तर पुरं करायची?"

"करे की."

पुष्पांजलीने डोळे मिटले. डॉक्टरांनी पिशवीकडे हात केला. जनकाबाईंनी प्रगतीपुस्तकं काढून दिली. चौथीच्या पुस्तकात गुरुजींनी लिहिलं होतं, 'बुद्धी चांगली. लक्ष नाही. पाटी, दप्तर विसरून घरी जाते.' सहावीच्या पुस्तकातही तेच, दुसऱ्या अक्षरात. डॉक्टरांनी ते मोठ्याने वाचलं आणि पुस्तक जनकाबाईंपुढे धरलं.

जनकाबाईंचा चेहरा हळूहळू बदलला. त्या लेकीकडे वळल्या. "तुले सहदेवचं आठवते का वं?"

सहदेव म्हणजे पुष्पांजलीचा धाकटा भाऊ. तिने मान हलवली. आठवत नव्हतं.

"हे नऊ वर्षांची होती," जनकाबाई डॉक्टरांना सांगू लागल्या. "तो सहा महिन्यांचा. मी तण निंदाले गेल्ती. हिले म्हटलं, बाळाले घेऊन वावरात ये, पाजाची वेळ झाली. हे आली, पण हातात बाळ नाई. हातात बोरं. म्या म्हटलं, सहदेव कुठी हाय? तं हे माह्याकडं पाहतच राह्यली. बांधावर निजवला होता, बोरीखाली. मी धावत गेली. त्याच्या अंगाले मुंग्या लागल्या होत्या. तोंडात, कानात. रडून रडून आवाज बसला होता लेकराचा." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "तो जगला. पण मी हिले त्या दिवशी असं मारलं, असं मारलं… हिचा बाप घरी आला तवा सांगतलं, झाडावरून पडली. कोणालेच सांगतलं नाई. मले वाटलं, पोरगी जाणून करते. भावाचा राग हाय हिच्या मनात. मी कितीक वर्षं हिच्या हाती लेकरू देलं नाई."

पुष्पांजलीला अजूनही काही आठवत नव्हतं. फक्त बोरांचा वास आल्यासारखा वाटला.

आशाबाई खुर्चीच्या काठावर बसल्या होत्या. जनकाबाईंकडे त्यांनी पाहिलंही नाही. "डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, "एकच सांगा मले. हे पिणार होती का नाई?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मला तसं वाटत नाही. आज मी जे ऐकलं, वाचलं, त्यावरून हा एडीएचडीच आहे. हा वेडेपणा नाही, आळस नाही आणि जाणूनबुजून केलेलं नाही."

आशाबाईंच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. तीन आठवडे त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे तेव्हा पुष्पांजलीच्या लक्षात आलं. त्या रडायला लागल्या आणि हर्षलने बाहेरून दार ढकललं.

गोळ्या मिळाल्या. डॉक्टरांनी सगळ्यांना समजावलं, की गोळीने मदत होईल, पण विसरणं पुरतं जाणार नाही. काम एका वेळी एक सांगायचं. विष, विस्तव आणि विहीर ही घराने मिळून सांभाळायची. निघताना पुष्पांजलीने दारात थांबून विचारलं, "माह्या पोरीलेही असन का?"

"असू शकतं," डॉक्टर म्हणाल्या. "चार वर्षांच्या पोरीचं आज सांगता येत नाही. असलंच तर आपण लवकर ओळखू. तुम्हाला कोणी ओळखलं नव्हतं."

बसस्थानकावर आशाबाई आणि जनकाबाई शेजारी उभ्या राहिल्या. "फसवलंच तुमी आमाले, ईहीनबाई," आशाबाई म्हणाल्या.

"हाव. फसवलं."

मेहकरची गाडी लागली. जनकाबाई पिशवी सावरून निघाल्या, तशा आशाबाईंनी मागून विचारलं, "ते लेकरू? सहदेव? आता कसा हाय?"

"पुण्याले हाय. कंपनीत. चांगला हाय." जनकाबाई थांबल्या. "बहिणीले दर राखीले साडी धाडते. त्याले काईच माहीत नाई."

पोळा होऊन गेला. गोळीने पुष्पांजलीचं तोंड कोरडं पडायचं आणि दुपारची भूक मरायची, पण ओट्यापाशी उभी राहिली की ती ओट्यापाशीच असायची. हर्षल औषध स्वतः काढायचा, स्वतः मोजायचा. विळी परत मोरीजवळ आली.

मग एका सकाळी आशाबाईंनी कादंबरीला कडेवरून उतरवून तिच्यापुढे ठेवलं. "मी वावरात चालली. निंदाले बाया कमी हायत. सांजच्याले येईन."

"कादूले घेऊन नाई जात?"

"उन्हात कायले? तुह्याजवळ राहू दे."

त्या गेल्या. फाटक लागल्याचा आवाज आला. त्या सकाळनंतर पहिल्यांदाच घरात दोघीच होत्या. पुष्पांजलीने गॅस बंद असल्याचं पाहिलं, मग परत जाऊन पाहिलं. मागचं दार लावलं. कादंबरी दगडांची चूल मांडून खेळत होती आणि तिला पानांची भाकरी खायला बोलावत होती. पुष्पांजली तिच्यासमोर मातीत बसली. शेजारणीने कुंपणावरून हाक मारली, तिने ओ दिली नाही. दूध तापवायचं होतं, कपडे वाळत घालायचे होते. आठवत होतं सगळं. पण उठायची तिची हिंमत झाली नाही. पोरीच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून ती तशीच बसून राहिली, आशाबाई परत येईपर्यंत.