सतरा नंबरची आई

शिकारी पक्ष्यांची संस्था चालवताना एखादं वर्ष वाईट जाऊ शकतं, हे पारमिताला मान्य होतं. पण वाईट जायलाही काही रीत असावी! जानेवारीत घुबडांच्या खोलीचा पत्रा वाऱ्यानं उडाला आणि शेजारच्या कोबीत जाऊन पडला. मार्चमध्ये पंख जुळून आलेल्या शिक्र्याला वाजतगाजत सोडलं, तर त्यानं तासाभरात संस्थेच्या अध्यक्षांचीच पाळीव कबुतरं गाठली. अध्यक्ष म्हणजे मारुतीराव गुरुजी, निवृत्त शिक्षक. बेळगावजवळच्या कडोलीत दरवर्षी साहित्य संमेलन भरत असल्यामुळे गावात बोलणाऱ्यांची वाण नाही, पण गुरुजींपुढे माईकसुद्धा दमतो. त्यांनी कबुतरांच्या शोकसभेत पाऊण तास शिक्र्याचं कौतुक केलं.

हे सगळं बरं होतं म्हणायची पाळी आणणारा पक्षी एप्रिलमध्ये आला. नारळाचं झाड पाडताना घरट्यातून पडलेलं ब्राह्मणी घारीचं पिल्लू. मोठेपणी हिचं डोकं पांढरं आणि पंख विटकरी होतात, आणि आपल्याकडे हिलाच गरुड म्हणून हात जोडतात. पण तो थाट यायला दोनेक वर्षं लागतात, तोवर सगळा मामला तपकिरी. आणि त्या दिवशी तर ते कापूस चिकटलेल्या बटाट्याएवढंच होतं. पारमितानं त्याची वहीत नोंद केली: नंबर सतरा. नाव ठेवायचं नाही हा संस्थेचा नियम. नाव ठेवलं की माया लागते, असं ती सगळ्यांना बजावून सांगायची.

पारमिता मूळची निपाणीची, जनावरांची डॉक्टर. दिवसभर बेळगावच्या खासबागेतल्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांना इंजेक्शनं द्यायची आणि सकाळ-संध्याकाळ स्कूटरवरून कडोलीला यायची. मनुबाईच्या मळ्यातल्या रिकाम्या गोठ्यात संस्थेचे अकरा पक्षी राहायचे. मनुबाई पासष्टीची, शेतात राबणारी बाई. तिला पक्ष्यांचं काही विशेष कौतुक नव्हतं, पण गोठा रिकामा बघवत नव्हता.

संस्थेचा दुसरा नियम पहिल्याहून कडक होता. पिल्लानं माणसाचं तोंड बघायचं नाही आणि आवाज ऐकायचा नाही. नाहीतर ते माणसालाच आपलं समजतं आणि जन्माचं वाया जातं. परदेशात म्हणे त्यासाठी हातात पक्ष्याच्या तोंडाची बाहुली घालून घास भरवतात. मारुतीरावांनी तशी बाहुली मोजा शिवून केली. ती शेळीसारखी झाली. पिल्लू दोन दिवस कोपऱ्यात तोंड खुपसून बसलं.

"शेळी बघून कोन जेवंल रं देवा," मनुबाई म्हणाली आणि घरातून खोळ घेऊन आली. खताच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसायचा आणि डोक्यावरून पाठीवर सोडायचा, झाली खोळ. पावसात शेतात वाकून काम करताना बायका हीच घालतात. पारमितानं ती कपाळाखाली ओढली आणि माशाचा तुकडा चिमट्यात धरून आत गेली. पिल्लानं आ केला.

पुढे तीन महिने पारमिता खोळीतून त्याला भरवत होती. एरवी तिचं तोंड गप्प राहत नाही, पण गोठ्यात तिनं एक शब्द काढला नाही. एकदा शिंक आली तर आठ दिवस तिला घोर लागला होता. भरवून झाल्यावरही ती जरा जास्तच वेळ तिथं बसून राहायची. ही नोंद मात्र वहीत नव्हती.

जुलैत सतरा नंबरला सोडलं. गुरुजींचं भाषण संपायच्या आतच तो उडाला, म्हणून सगळ्यांनी टाळ्याही जोरात वाजवल्या.

आता चूक कुठं झाली ते सांगतो. जुलैत कडोलीच्या शिवारात भाताची रोपलावण चालते, आणि लावणीला वाकलेली प्रत्येक बाई खोळीत असते. परदेशी पुस्तकात हे लिहिलेलं नसतं, आणि आपल्या माणसांना हे इतकं रोजचं, की कुणाच्या डोक्यात आलं नाही. सतरा नंबर वर गेला, एक घिरटी घातली, खाली बघितलं, तर शिवारभर त्याच्या आयाच आया!

पहिल्यांदा तो मनुबाईशेजारी लावणी करणाऱ्या पूर्णिमाच्या डोक्यावर उतरला.

"आगं आय्या गं! डोस्क्यावर काय पडलं बघा की!"

"हलू नगंस," मनुबाई चिखलातूनच म्हणाली, "आपला सतरा हाय त्यो."

सतरानं वाकून खोळीच्या कडेशी चोच नेली आणि आ केला. पूर्णिमानं घाबरून जेवणाच्या डब्यातला सुका बोंबील त्याला दिला. तो खाऊन सतरा पुढच्या बाईकडे गेला.

गावात दोन तट पडले. डोक्याला घार शिवली म्हणजे अपशकुन, अंघोळ करा. गरुड बसला म्हणजे भाग्य, नारळ फोडा. रंगावरून काहीच ठरेना. तिसऱ्या दिवशी पूर्णिमाच्या लेकाला, युवराजला, बेळगावात नोकरी लागल्याचा फोन आला आणि वाद मिटला. गरुडच!

मग काय विचारता! भातात ज्यांचं काही काम नाही अशी माणसं खोळ घालून बांधावर येऊ लागली. पार सदलग्याहून एक जीप भरून आली. ऊन पडलं तरी कुणी खोळ काढेना. गडी, बायका, एक नवरदेव, सगळे हातात मासळी घेऊन रांगेत उभे, आणि मारुतीराव त्यांना गरुडाचं महत्त्व सांगतायत. सतरा या डोक्यावरून त्या डोक्यावर जायचा आणि खायचा. महिन्याभरात तो असा सुटला की, तिसऱ्या डोक्यापर्यंत जाताना त्याला धाप लागायची.

आणि मग वनखात्याचे नागेंद्र साहेब आले.

"काय मेडम हे? पक्षी सोडला म्हणून रिपोर्ट दिला. हा तर जेवणावळी करत फिरतोय!"

"सर, शिकेल तो. थोडा वेळ द्या."

"आठ दिवस," नागेंद्र म्हणाले. "आठ दिवसांत हा माणसांपासून लांब जाऊन स्वतःचं पोट भरायला लागला तर ठीक. नाहीतर तुम्हाला पक्षी वाढवता येत नाहीत, असं मला लिहावं लागेल. मग हा आणि तुमचे अकराच्या अकरा लांबच्या प्राणिसंग्रहालयात. सेंटर बंद."

गोठ्यातलं एका पंखाचं घुबड तो प्रवास सोसणार नव्हतं. आणि सतरा जन्मभर पिंजऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढं आ करत राहिला असता.

तिनं रांगेतल्या लोकांना घरी जा म्हणून हात जोडले. त्यांनी तिलाच रांग मोडू नका म्हणून सांगितलं. तिनं लावणीच्या बायकांना खोळी काढायला सांगून बघितलं.

"आन भिजून मरू व्हय गं?" मनुबाई म्हणाली. "आमास्नी कशाला सांगतीस? म्हशीचं रेडकू मोठं झालं की म्हस लाथ घालती त्याला. तू अजून पाजतीयास."

"मी कुठं आक्का? मी त्याला सोडल्यापासून एक तुकडा दिला नाही!"

"रोज सांजच्याला खोळ घालून पल्याडच्या बांधावर कोन बसतंय मग? त्यो येऊन तुज्या डोस्क्यावर बसतोय, आन तू येड्यावानी हसतीस. मला काय दिसत न्हाय व्हय?"

पारमिता लाजेनं लाल झाली. सगळ्यांना नियम शिकवणारी बाई ती, आणि रोज संध्याकाळी अर्धा तास डोक्यावर घार घेऊन बसत होती. मान अवघडली तरी हलत नव्हती. तिनं मनात म्हटलं, एवढं एकदा बसू दे, उद्यापासून नाही. असे तीस उद्या झाले होते.

आठव्या दिवशी नागेंद्र आले तेव्हा भुरभुर चालू होती. त्यांच्या अंगात टोपीवाला रेनकोट होता. व्हायचं तेच झालं. सतरा आंब्यावरून निघाला आणि साहेबांच्या डोक्यावर उतरला.

"अय्यो!" साहेब जागच्या जागी गोठले. "मेडम, काढा याला! आ करतोय हा!"

पारमितानं डोक्यावरची खोळ कपाळाखाली ओढली आणि त्याला घ्यायला हात पुढं केला. सतरानं एकदा तिच्याकडे बघितलं. शिवारात साठ आया होत्या, पण ही पहिली. तो साहेबांना सोडून थेट तिच्या डोक्यावर आला, पाय रोवून बसला आणि वाकून आ केला.

ती तशीच उभी राहिली. हाकलायचं म्हणजे ओरडायचं, आणि तीन महिन्यांच्या सवयीनं तिच्या घशातून आवाज फुटेना. समोर नागेंद्र खिशातून कागद काढत होते. पारमितानं डोळे मिटले, दोन्ही हातांनी खोळीची कड धरली आणि पक्ष्यासकट ती मागं भिरकावून दिली.

सतराच्या बाजूनं विचार केला पाहिजे. त्याच्या डोळ्यांदेखत त्याची आई फाटली, आणि तिच्यातून चष्मा लावलेला, केस पिंजारलेला एक माणूस बाहेर आला. वर तो माणूस निपाणीच्या बाजारात शोभेल अशा आवाजात ओरडत होता, "जा रं! जा म्हंते न्हवं! लई झाले तुजे लाड! जा!"

सतरा किंचाळला. असा तो पूर्वी कधी ओरडला नव्हता. धडपडत उडाला आणि आसऱ्याला पूर्णिमाच्या डोक्यावर गेला. मनुबाईच्या ध्यानात सगळं एका क्षणात आलं.

"काडा गं खोळी! वरडा!"

पूर्णिमानं खोळ फेकली, आतून माणूस. पुढच्या बाईनं फेकली, आतून माणूस! साठ बायका पावसात उघड्या डोक्यानं बोंबलत होत्या. बांधावरची रांगही काही न कळता बोंबलायला लागली. नागेंद्रांनी रेनकोट काढून डोक्याभोवती फिरवला आणि कानडीतून आरोळी ठोकली. मारुतीराव तर माईकशिवाय ओरडत होते, तरी ते सगळ्यांत लांब ऐकू गेले. सतराला एकही आई उरली नाही. तो उंच आंब्याच्या शेंड्यावर जाऊन बसला.

"तीन दिवस थांबतो," नागेंद्र दम खात म्हणाले. खूप दिवसांनी त्यांना एवढं बरं वाटलं असावं.

दोन दिवस सतरा शेंड्यावरून हलला नाही. पारमिता गोठ्याच्या दारातून दुर्बिणीनं बघत होती आणि तीही काही खात नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी तो भाताच्या चिखलात उतरला, घसरला, पुन्हा उतरला आणि खेकडा घेऊन वर गेला. नागेंद्रांनी कागदावर लिहिलं: स्वतः शिकार करतो, माणसाला घाबरतो, सेंटर चालू ठेवायला हरकत नाही. मारुतीरावांनी आभार मानायला घसा खाकरला तेव्हा साहेब जीपमध्ये बसलेसुद्धा होते.

संध्याकाळी पारमिता पलीकडच्या बांधावर गेली. डोक्यावर काही न घेता. सतरा विजेच्या खांबावर खेकडा फोडत होता. ती हळूहळू पुढं गेली. पन्नास पावलांवर त्यानं मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. ओळखीचं काहीच नव्हतं तिथं. खेकडा पायात धरून तो उडाला आणि उसाच्या पलीकडे दिसेनासा झाला.

मागून मनुबाई आली.

"आक्का, बघितलंत? मला बघून पळाला! पन्नास पावलांच्या आत येऊ दिलं न्हाय मला!"

"ब्येस झालं की. मग रडतीयास कशाला?"

"मी कुठं रडतीया," पारमिता म्हणाली, आणि मनुबाईच्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली.