भागीच्या दाराची पट्टी

मित्रांनो, तुम्ही गॅरेज पाहिले असेल, आतली गाडी पाहिली असेल, पण दाराच्या पायाशी काय असते हे वाकून पाहिलेले नसेल. त्यात तुमचा दोष नाही. वाकावे लागेल अशा जागी माणसांचे लक्ष सहसा जात नाही. मी त्याच जागची, एक जुनी रबरी पट्टी आहे. दार आणि फरशी यांच्यामधली फट बुजवायची, एवढेच माझे काम होते.

माझा जन्म कारखान्यात झाला. ट्यूबमधून टूथपेस्ट यावी तसा काळा, गरम लगदा साच्याच्या तोंडातून दाबून बाहेर काढत. निवल्यावर माझे वेटोळे करून मला एका दुकानात टांगले. शेजारी चकचकीत कड्या, मुठी, कुलुपे होती. गिऱ्हाईक आले की आधी त्यांना हात लावून बघे. आम्हा पट्ट्यांना हौसेने कोणी घेत नाही. घरात नको ते काही शिरले, म्हणजे आमची आठवण होते.

माझ्या नशिबी एक दुमजली घर आले. वर थोरला भाऊ राही, खाली धाकटा, आणि गॅरेज दोघांचे मिळून. थोरल्याला सगळे दादा म्हणत, त्याच्या बायकोला वहिनी. धाकट्याची चाळिशी उलटली होती, तरी तो आपला धाकटाच. गॅरेजच्या उजव्या अर्ध्यात त्याची गाडी उभी राही. डाव्या अर्ध्यात वहिनींचे शिलाई मशीन, कापायचे टेबल आणि पडद्यांच्या कापडाचे तागे. वहिनी लोकांच्या घरचे पडदे शिवत.

दार बटण दाबले की घरघरत वर सरके आणि छताला जाऊन टेके. त्याच्या तळाशी पत्र्याची खाच होती, तिच्यात मला सरकवून बसवले. दाराच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन पट्ट्या होत्या, त्या माझ्या चुलत बहिणी. त्यांनी नुसते उभे राहायचे आणि मी दाराचा भार अंगावर घ्यायचा. चार नातेवाइकांत असे असायचेच.

सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. दार खाली आले की मी फरशीवर अशी अंग टाकून बसे की धूळ, पाचोळा, मुंग्या सगळे बाहेरच्या बाहेर. एक उंदीर रोज येऊन मला हुंगून जाई. शेवटी त्याने नाद सोडला. वहिनी एकदा म्हणाल्या, "काय मस्त बसलंय हो दार! कापडावर धुळीचा कण म्हणून नाही." कौतुक दाराला मिळाले. दार फुगले, मी गप्प राहिले. पण काम कोणाच्या अंगावर पडते आणि शाबासकी कोणाच्या नावावर जमा होते, याकडे मी त्या वयापासूनच डोळे ठेवून आहे.

माझे मागणे फारसे नव्हते. अधूनमधून ओले फडके फिरवावे, वर्षाकाठी साबणाच्या पाण्याने धुवावे, वर सिलिकॉनचा हलका हात द्यावा. दुकानदाराने तसे सांगितलेही होते. पण गॅरेज पडले दोघांचे! दादांना वाटे, ज्याची गाडी त्याने दार बघावे. धाकट्याला वाटे, ज्यांचे माणूस दिवसभर आत बसते त्यांनी बघावे. भागीचे घोडे किवणाने मेले म्हणतात, त्या घोड्याचे दुःख मला विचारा.

मग एका रविवारी धाकट्याला अचानक उमाळा आला. गाडीत नवे तेल भरल्यावर डब्यात थोडे उरले होते. ब्रश घेऊन तो दाराच्या बिजागऱ्यांना, चाकांना तेल लावत सुटला आणि सरतेशेवटी माझ्यापाशी बसला.

दादा वरून गॅलरीतून म्हणाले, "अरे, तिला कशाला तेल?"

"कोरडी पडलीय हो, दादा. पाजतो थोडं."

"पाज, पाज. उरलं तर वर आण, माझे गुडघे वाजतायत."

दोघेही हसले. धाकट्याने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत तेलाने न्हाऊ घातले. मित्रांनो, एवढ्या मायेने माझ्यावर हात फिरवणारा तो पहिलाच माणूस. मला ओरडून सांगायचे होते की बाबा, गाडीचे तेल हे माझ्यासारख्या रबराला विष आहे. पण मला तोंड कुठे होते? थोड्याच आठवड्यांत मी फुगले, मऊ पडले, चिकट झाले. उन्हाच्या दुपारी फरशीला चिकटून बसू लागले. एके दिवशी धाकट्याने घाईत बटण दाबले. दार निघाले वर, आणि माझे डावे टोक राहिले फरशीला धरून. चर्र असा आवाज झाला. तळहाताएवढा माझा तुकडा खाली पडला होता.

वहिनींनी तो उचलला. "भाऊजी, हे बघा काय निघालं."

"बघतो, वहिनी. या रविवारी नक्की."

वहिनींनी दादांच्या कानावर घातले. दादा म्हणाले, "त्यालाच सांग. तेल त्यानं पाजलं." धाकटा म्हणाला, "पाज म्हणाले कोण? दोनदा म्हणाले!" रविवार आले तसे गेले. त्या घरात दार, नळ आणि विजेचे दिवे हे पुरुषांचे खाते होते. वहिनींनी पट्टी स्वतः जाऊन आणली असती तर दोघांचाही अपमान झाला असता. म्हणून त्यांनी माझ्या फाटक्या टोकाशी एक जुने फडके कोंबले. दार उघडले की ते पडे. संध्याकाळी त्या ते पुन्हा कोंबत.

आणि नेमके तेव्हाच वहिनींना एका शाळेच्या सभागृहाचे काम मिळाले. रंगमंचाचा मोठा पडदा शिवायचा होता, गडद लाल मखमलीचा. कापड शाळेचे, शिलाई वहिनींची. तागे उतरवायला दोन माणसे लागली. दादा ते बघून म्हणाले, "अगं, खिडक्यांचं ठीक आहे. हे झेपणार आहे का?"

"झेपेल. खिडकीच ती, जरा मोठी," वहिनी म्हणाल्या.

दादा गेल्यावर त्यांनी मखमलीवरून उलटा हात फिरवला, मग सुलटा. स्वतःशीच म्हणाल्या, "हे एक नीट होऊ दे. मग 'वेळ जावा म्हणून शिवते' असं कोणाला म्हणू देणार नाही." तेव्हा मला कळले की त्या ताग्यांत नुसते कापड नव्हते. त्यांनी ते डाव्या भिंतीशी एका फळीवर रचले, कारण दुसरी जागाच नव्हती. एका ताग्याचे टोक फळीवरून खाली लोंबत राहिले.

पुढच्याच आठवड्यात, लख्ख ऊन पडलेले असताना, रस्त्याखालची पाण्याची नळी फुटली. वहिनी मंचाचे माप घ्यायला शाळेत गेल्या होत्या. गाडी घेऊन धाकटा कामावर. घरी फक्त दादा. पाण्याचा फवारा पाहायला सगळी गल्ली गोळा झाली. दादा गॅलरीत उभे राहून समोरच्या शेजाऱ्यांना ओरडून सांगत होते, "पुरुषभर उंच उडतंय बघा!" आणि त्यांच्या पायांखाली, बरोबर एक मजला खाली, ते पाणी उतारावरून गढूळ होऊन माझ्याकडे येत होते.

मी उरलेल्या अंगाने जोर लावला. उजवीकडे, मध्ये, जिथे जिथे मी होते तिथे थेंबही आत जाऊ दिला नाही. पण जिथे मी नव्हतेच तिथे काय करणार? फडके क्षणभर फुगले आणि वाहून गेले. पाणी फळीपर्यंत पोचले. मखमलीच्या लोंबत्या टोकाने ते पिऊन घेतले आणि वर, आणखी वर चढवले. डोळ्यांदेखत लाल रंग काळवंडत गेला. मी तिथेच, हातभर अंतरावर पडून होते.

संध्याकाळी गॅरेजमध्ये दोन्ही भाऊ उभे राहिले.

"दार तुझं, गाडी तुझी, लक्ष कोणी द्यायचं?" दादा म्हणाले.

"मी कामावर होतो. तुम्ही वर उभे राहून नळीचा सोहळा बघत होतात!"

"मला काय स्वप्न पडलं होतं, खाली पाणी शिरतंय म्हणून?"

वहिनी खाली बसून मखमल चाचपत होत्या. लव बसली होती, ठिकठिकाणी चिखलाचे नकाशे उमटले होते. त्या न वळता म्हणाल्या, "भांडण वर जाऊन करा. इथे ओल आहे."



शाळेच्या मुख्याध्यापिका भल्या होत्या. त्यांनी पुन्हा कापड पाठवायचे कबूल केले, पण सोबत म्हणाल्या, "आता एवढं एकदाच हं. पुन्हा काही झालं तर मला दुसरीकडे द्यावं लागेल."

मग मात्र पट्टी आणायला दोघे भाऊ एकाच गाडीतून गेले! माणसांचे हे एक आहे. आग लागली की विहीर खणायला सगळे एकदिलाने धावतात. भर उन्हात मला खाचेतून ओढून काढले आणि भिंतीशी टाकले. खाचेत साबणाचे पाणी लावून नवी पट्टी सरकवली. उजवे टोक स्क्रूने आवळले. डाव्या टोकाशी वहिनी स्वतः येऊन बसल्या.

"भाऊजी, ताणा. इथे कोपऱ्यात फट राहता कामा नये."

"ताणलीय की, वहिनी."

"आणखी ताणा. मी धरते."

मित्रांनो, कापड धुतल्यावर आखडते हे त्या सगळ्या गिऱ्हाइकांना समजावून सांगत. पडदा बेतताना शिलाईला चार बोटे जास्त सोडत. पण भीती एकदा मनात शिरली की हातातली विद्या बाहेर जाते. आम्हा रबराचाही तोच स्वभाव. ताणून बसवले की आम्ही हळूहळू मूळ मापावर येतो, आणि थंडीत त्याहूनही आखडतो. पट्टी सैल बसवावी, टोकाशी थोडी जास्त ठेवावी. मी भिंतीशी पडल्या पडल्या मनातून आक्रोश करत होते, "ताणू नका, बाई, सोडा!" त्यांनी दोन्ही पाय रोवून आणखी ओढले. धाकट्याने दाराच्या कडेशी सुरी टेकवून पट्टी बरोब्बर कापली.

"वा! काय मापात बसलीय!" दादा म्हणाले. वहिनी किती दिवसांनी हसल्या.

माझे तुकडे झाले. बाकीचे कचऱ्यात गेले, एक वितीचा तुकडा वहिनींनी मशीनच्या पायाखाली सारला, हादरा बसू नये म्हणून. तेवढीच मी आता उरले आहे.

आता थंडी पडली आहे. रोज पहाटे नवी पट्टी अंग चोरून घेते, थोडी थोडी उजवीकडे सरकते. तिचा दोष नाही, तिला जसे बसवले तशी ती वागते. डाव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी फट पडली आहे. वहिनी शिवायला बसतात तेव्हा डोक्यावरचा दिवा लावतात. काम आटोपले की घरात जाऊन मगच दिवा घालवतात, कारण बटण आतल्या खोलीत आहे. त्यामुळे गॅरेजमधला अंधार त्यांनी कधी पाहिलाच नाही, आणि ती फट फक्त अंधारातच दिसते. त्यांच्या मागे मी एकटी ती उजेडाची चीर बघत राहते. पडदा अर्ध्याहून जास्त शिवून झाला आहे आणि त्याचा घोळ दिवसेंदिवस डावीकडे पसरत चालला आहे.

मित्रांनो, मला हात नाहीत, आवाज नाही. तुम्हाला दोन्ही आहेत. दाराची पट्टी दोघांची असो की दहांची, ती आपली एकट्याचीच आहे असे समजून तिची काळजी घ्या. तिला तेल पाजू नका, ताणू नका. भर दिवसा दार लावा, दिवा घालवा आणि थोडा वेळ आत उभे राहा. उजेड जिथून डोकावेल, तिथूनच उद्या पाणी येईल. आणि अशा एखाद्या घरी गेलात, जिथे एक बाई डोक्यावर दिवा लावून लाल मखमल शिवत बसली आहे, तर तिला काही समजावत बसू नका. आधी तो दिवा घालवा.