बाईंना उतरवलं

मालिकेचं नाव 'गावगाण्यांचं साम्राज्य', आणि पहिल्याच भागात गजवाल्यांचं डोकं फिरलं. पडद्यावरच्या व्हायोलिनवाल्यानं गज असा धरला होता की याला घरच्यांनी कधी झाडूसुद्धा हातात दिला नसावा. गज चालायचा एकीकडे, सूर यायचे भलतीकडून. गायिका रात्रभर ट्रकमध्ये झोपून सकाळी उतरायची, आणि तिच्या केसांची एक बट इकडची तिकडे झालेली नसायची.

"अरे, एकदा तरी खोकून दाखवा!" गजवाले टीव्हीला म्हणाले. "सोळा गावांची धूळ खाल्लीत ना?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे त्यांना कुणी गप्प बसवलं नाही. शिंप्याच्या दुकानावरची ही एकच खोली होती. एक पलंग, एक खुर्ची, आणि दुसरी खुर्ची घ्यायची तर बसणार कोण, म्हणून घेतलीच नव्हती. वय बहात्तर. व्हायोलिनचा गज आयुष्यभर हातात होता म्हणून लोक गजवाले म्हणायचे. आता हात कापतो, पण नाव तेच राहिलंय.

हा टीव्ही त्यांनी या मालिकेसाठीच घेतला होता. दोन वर्षांपूर्वी मालिकेची लेखिका, चष्मेवाली हुशार मुलगी, त्यांचा पत्ता शोधत आली होती. खेड्यापाड्यांतल्या गाण्यांचा धंदा कसा चालायचा ते तिला हवं होतं. कंत्राटदार पैसे कसे बुडवायचा, रेडिओवर कुणाची गाणी लागायची, रेकॉर्ड कंपनीचा मालक कसा घाम पुसत पुसत थापा मारायचा, सगळं. ती तीन दुपारी आली. ती खुर्चीवर आणि गजवाले पलंगावर बसत. धंदा सुटल्यापासूनच्या सोळा वर्षांत त्यांना कुणी एवढं विचारलं नव्हतं, आणि माणूस एकटा राहिला की त्याच्या जिभेला हाड राहत नाही. तिसऱ्या दुपारी त्यांच्या तोंडून नको ती गोष्ट निघून गेली.

"बाईंना मीच उतरवलं," ते म्हणाले. "थोडं थोडं करून. अकरा वर्षं. कुणाला पत्ता लागू दिला नाही."

मुलीनं भराभर लिहून घेतलं.

बाई म्हणजे त्यांच्या गाण्याच्या पार्टीच्या गायिका. मोठं नाव होतं त्यांचं. गाडीतून उतरल्या की बाजार थांबायचा. आणि उतरवणं हा पार्टीतला शब्द. 'पट्टी उतरवली' असं लांबलचक त्यांच्यात कुणी म्हणत नसे. वाद्यांचा सूर जरा वर लावला की 'बाईंना चढवलं' आणि खाली लावला की 'बाईंना उतरवलं'. पार्टीत सगळी तारांचीच वाद्यं. गिटारवाला, मोठ्या बासवाला, सगळे व्हायोलिनवरून आपापल्या तारा जुळवायचे. म्हणजे गजवाल्यांनी सूर जिथे ठेवला तिथे अख्खी पार्टी.

चाळिशी उलटल्यावर बाईंचा वरचा सूर थकायला लागला. त्यांना ते कळलं नव्हतं. गजवाल्यांना कळलं, कारण दर संध्याकाळी ते त्यांच्या डाव्या हाताला चार पावलांवर उभे असायचे. त्यांनी तारा केसभर उतरवल्या. पुढच्या हंगामात आणखी केसभर. बाई तीच गाणी गात राहिल्या, त्याच तोऱ्यात. आपला आवाज आहे तिथेच आहे असं त्यांना वाटत होतं, आणि हे सगळं प्रकरण त्यासाठीच होतं. रेडिओ केंद्रावर पियानो असायचा, आणि पियानो काही ऐकत नाही, तो आपल्या जागीच राहतो. मग गजवाले तिथे तमाशा करायचे: पियानो नको, पियानो बेसूर आहे, पियानो वाजला तर मी चाललो. धंद्यात त्यांचं नाव झालं आढ्यतेखोर म्हणून. दुसऱ्या वाद्याचं कौतुक बघवत नाही या माणसाला, असं लोक तोंडावर म्हणायचे. त्यांनी ते मुकाट गिळलं.

अकरा वर्षांत बाई पुरते दोन सूर खाली आल्या होत्या.

मग एक दिवस गजवाल्यांची दाढ सुजली. गाल डोळ्यापर्यंत चढला, अंगात ताप, उभं राहवेना. कंत्राटदारानं शहरातल्या वाद्यवृंदातून एक व्हायोलिनवाला आणला. शिकलेला माणूस, खिशात सूर बघायचा काटा घेऊन फिरणारा. त्यानं इमानेइतबारे सगळी पार्टी बरोब्बर जागेवर लावली. बाईंनी त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा त्यांनी घेतलंच नाही. माईक खाली ठेवला, उतरल्या, आणि पुन्हा कधी गायल्या नाहीत. कुठल्याशा गावी भाचीकडे राहायला गेल्या. गजवाल्यांनी चारदा पत्र लिहायला घेतलं. काय लिहिणार? माफी मागायची तर कशाबद्दल ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की बाईंची शेवटची अकरा वर्षं खोटी ठरणार. चारही कागद फाडले.

म्हणून त्या तिसऱ्या दुपारी लेखिका गेल्या गेल्या त्यांना आपली चूक कळली. दुसऱ्या दिवशी फोन करून त्यांनी तिला गळ घातली, "ते उतरवण्याचं काढून टाका. बाई अजून आहेत."

"काका, काळजी नका करू," मुलगी हसली. "गोष्टीसाठी आम्ही सगळं बदलतोच."

खरं सांगायचं तर गजवाल्यांना दोन्ही हवं होतं. बाईंना कळू नये असंही वाटे, आणि आपण काय केलं ते मरण्याआधी जगात एका तरी माणसाला कळावं असंही वाटे. दर रविवारी संध्याकाळी सातला ते जीव मुठीत धरून टीव्हीसमोर बसत.

बसत आणि चिडत. चार भाग झाले तरी पडद्यावर एकानंही वाद्य लावलं नव्हतं. पेटीतून काढायचं की वाजायला सुरुवात! गजवाल्यांचं अर्धं आयुष्य तारा पिळण्यात आणि उरलेलं ट्रकची वाट बघण्यात गेलं होतं. इथे रेकॉर्ड कंपनीचं ऑफिस काचेचं होतं; खरं ऑफिस टायरच्या दुकानावर होतं आणि त्याचा जिना चढताना पायरी निसटायची. सगळे एकमेकांच्या प्रेमात पडत होते, नाहीतर एकमेकांना कोर्टात खेचत होते. गाणी कधी बसवत होते देव जाणे.

प्रत्येक भागानंतर मोठ्या बहिणीचा, ताईचा, फोन यायचा. ती दूर लेकीकडे राहायची.

"अरे, तो झिपऱ्या मिशीवाला व्हायोलिनवाला म्हणजे तू का?"

"मी कशाला? मला मिशी होती कधी?"

"तरी म्हटलं. बरा दिसतोय तो."

आठव्या भागात झिपऱ्या मिशीवाला व्हायोलिन खाली ठेवून कॅमेऱ्यात बघत म्हणाला, "मीच तिला उतरवलं. थोडं थोडं करून. अकरा वर्षं. कुणाला पत्ता लागू दिला नाही." मागे ढगांचा गडगडाट झाला. मग दाखवलं, तो गायिकेच्या यशावर कसा जळतो, चांगल्या पियानोवाल्याला कसा हाकलून देतो, आणि शेवटी दाढदुखीचं सोंग घेऊन घरी कसा लोळत पडतो आणि मुद्दाम एका नवख्याला पाठवून तिला स्टेजवरून उतरवतो.

गजवाले बघतच राहिले. लेखिकेनं लबाडीनं लिहिलं असेल असं त्यांना वाटेना. बिचारीनं जे ऐकलं ते लिहिलं. 'उतरवलं' म्हणजे जगाच्या भाषेत खाली खेचलं, आणखी काय?

शेवटी नावं सरकत गेली. त्यात 'विशेष आभार' म्हणून त्यांचं नाव आलं, मोठ्या अक्षरात.

त्या दिवशी ताईचा फोन आला नाही. सकाळी जिन्यात खालची शिंपीण भेटली. एरवी ती "काका, चहा झाला का?" विचारायची, आज तिनं कपड्यांचं गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि भिंतीकडून निघून गेली. गजवाल्यांना रडू आलं. या वयात जिन्यात उभं राहून रडायची त्यांना लाज वाटली, म्हणून ते दूध न घेताच वर आले. त्या मुलीला फोन करून चांगलं झापायचं त्यांनी ठरवलं. झापून तिला खरा अर्थ सांगायचा, आणि पुढच्या भागात दुरुस्ती करायला लावायची. नंबर शोधत होते, तेवढ्यात फोनच वाजला.

"गजवाले?"

एका शब्दात त्यांनी ओळखलं. आवाज खाली गेला होता, त्यांनी सोडला होता तिथून आणखी दीड सूर खाली. कान मेला मोजल्याशिवाय राहत नाही.

"बाई," ते म्हणाले आणि उगाचच उभे राहिले.

"तुमच्या ताईंकडून नंबर घेतला. मालिका बघता का हो?"

"बघतो."

"काय भंगार आहे!"

गजवाल्यांना हसू फुटलं. बाईही हसल्या, तेच खर्जातलं, शेवटी खोकल्यात जाणारं हसू. मग दोघं सुटले. तो गज कसा धरतो, ती ट्रकमधून कशी उतरते, त्या काचेच्या ऑफिसात मालकाला एकदाही घाम कसा येत नाही. टायरच्या दुकानावरचा जिना बाईंना आठवत होता. निसटणारी पायरी कितवी, यावरून त्यांचं वाजलंसुद्धा. बाई म्हणत चौथी, गजवाले म्हणत पाचवी. दहा मिनिटं गेली असतील. अठरा वर्षांत गजवाले एवढे सुखात नव्हते.

मग बाई थांबल्या.

"एक विचारायचं होतं. तो मिशीवाला बोलला ना काल, उतरवलं म्हणून. तुमचंच वाक्य आहे ते. आपल्या पार्टीशिवाय असं कुणी बोलत नाही."

गजवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"टीव्हीवाल्यांना कळला तो अर्थ वेगळा. आपल्यात त्याचा अर्थ काय, ते मला ठाऊक आहे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. खरं सांगा, गजवाले. कुणाला उतरवलंत? तारांना, की मला?"

अख्ख्या जगात तो शब्द बरोबर ऐकणारं एकच माणूस होतं, आणि ते फोनवर होतं. अठरा वर्षं गजवाले याच प्रश्नाची वाट बघत होते. 'तारांना' एवढं म्हटलं की झालं. झिपऱ्या मिशीवाला गेला, शिंपीण गेली, आढ्यतेखोर गेला; उरले असते ते खरे गजवाले, दर संध्याकाळी डाव्या हाताला चार पावलांवर उभे असलेले. हे बाईंना कळावं असं त्यांना इतकं वाटलं की तो शब्द ओठांवर आला.

पण बाईंचा श्वास ऐकू येत होता. वर्षं झाली तरी त्यांना तो श्वास पाठ होता. वरचा सूर घ्यायच्या आधी, तो लागेल की नाही याची खात्री नसली, की बाई असा श्वास घ्यायच्या.

"तुम्हाला," गजवाले म्हणाले. "दाखवलंय ते खरं आहे, बाई. जळायचो मी तुमच्यावर."

"मग माझा आवाज?"

"ठणठणीत होता. त्या माणसाला मी वाद्यं वर लावायला सांगितली होती. तुमच्या नेहमीच्या पट्टीच्या वर. कुणाचाही फाटला असता."

"आणि दाढ?"

दाढ त्यांनी पुढे तिसऱ्या दिवशी उपटून घेतली होती. जीभ आपोआप त्या रिकाम्या जागी गेली.

"सोंग होतं," ते म्हणाले.

बाईंना हायसं वाटलं असेल, आता त्या फोन ठेवतील, असं गजवाल्यांना वाटलं. त्यांचा हिशेब तिथपर्यंतच पोचला होता.

"म्हणजे मी उगाच थांबले," बाई हळूच म्हणाल्या. "माझं काही गेलंच नव्हतं. मी गायला हवं होतं हो. एवढी वर्षं मी घरात साधं गुणगुणलेसुद्धा नाही. भाचीची मुलं म्हणायची, आजी, गा ना, आणि मी उठून आत जायची."

गजवाल्यांना याचा विचार सुचला नव्हता. आता खरं सांगावं? सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार, आणि ठेवला तर बाईंकडे काय उरणार?

"गायला असतात तुम्ही," ते म्हणाले. "मस्त गायला असतात."

"तुम्हाला मी कधीही माफ करणार नाही!"

हे बाई ओरडून म्हणाल्या. आवाज तळातून उठला आणि चढत चढत पार त्यांच्या जुन्या पट्टीवर गेला, गजवाल्यांनी तारा पहिल्यांदा उतरवल्या त्याच्याही आधीच्या, आणि तिथे टिकला. कुठेही फाटला नाही.

फोन बंद झाला. गजवाले खुर्चीवर बसले. दूध राहिलं होतं, पण जिना उतरून जायची त्यांना हिंमत होईना.