कोशातली पट्टी

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात कारेलीबागेतल्या त्या सोसायटीत मांजरांनी नुसता उच्छाद मांडला होता. भरदुपारी जिन्याखालून येणारं ते किंचाळणं ऐकून मधुवंतीबाईंना शिसारी यायची. शिकवणीला आलेल्या सानवीने विचारलं, "टीचर, याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?"

"कॅटरवॉल. मांजराचं रडणं."

तीस वर्षं बाई एवढंच शिकवत आल्या होत्या. शब्द कुठून आला ते दाखवायला त्यांनी आजोबांचा इंग्रजी कोश काढला. आजोबा संस्थानच्या विद्याखात्यातले पंडित. त्या शब्दाखाली कागदाची पट्टी चिकटवलेली होती. फाटलं पान सांधलं असेल, असं बाई आजवर समजत. आज ती वाळून सुटली. खाली छापलं होतं, माजावर आलेल्या मांजरांचं ओरडणं. शब्दात आधी 'कॅटर' म्हणजे मांजर, पुढे 'वॉल' ही त्याच आवाजाची नक्कल.

बाईंनी पानं चाळली. गर्भावर पट्टी, प्रसूतीवर पट्टी. घरातल्या पोरींनी वाचू नये म्हणून म्हाताऱ्याने सगळा कोश लिंपून ठेवला होता. बाईंना त्याची किळस आली.

सानवीने उघड्या पडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "टीचर, याचा अर्थ काय?"

"त्या कपाटातून डिंकाची बाटली आण," बाई म्हणाल्या.