वेदनारहित पाटीवरचा काळा फॉन्ट

मित्रांनो, मी एक जुना फॉन्ट आहे आणि मी माझ्या निर्मात्याची दाढ उपटवली. छे, असं काही घडलेलंच नाही. मी शांत स्वभावाचा आहे. तेव्हा सुरुवातीपासून ऐका.

माझी अक्षरं काळी, जाडजूड, टोकदार. जुन्या दरवाजावरचे खिळेच जणू. निर्मात्याने ती आधी रुंद बोरूने रेखली. मग छापलेले कागद चुरगाळले, काचपेपरने घासले आणि भेगांसकट मला संगणकात घातलं. त्याची आई म्हणाली, "चांगलं कोरं अक्षर काढायचं आणि मग घासत बसायचं. घासायचंच आहे तर भांडी पडलीत तिकडे."

तरी माझे दिवस आले. बेंबीच्या देठापासून ओरडणाऱ्या गायकांची पोस्टरं, मोटारसायकलींच्या टाक्या, न्हाव्याची काच, एका पहिलवानाची अख्खी पाठ. निर्माता इतका हरखला की त्याने संगणकाला कायमची सूचना दिली: एखादा फॉन्ट सापडला नाही, तर त्याच्या जागी हा वापर.

मग वारं फिरलं. त्याने एक गुबगुबीत फॉन्ट काढला. भर सभेत कुणी माझ्याबद्दल विचारलं, तर हसून म्हणाला, "ती कोवळ्या वयातली चूक होती." मित्रांनो, माझ्या अंगावर चारशे बारा भेगा आहेत, सगळ्या त्याच्याच हातच्या. दुखली ती चारशे तेरावी.

पुढे संगणक त्याने माझ्यासकट पाटीवाल्याला विकला. सूचना काढायची राहिली. मी तीन वर्षं वाट पाहिली.

मग त्याच्या मेहुणीने नोकरी सोडून स्वतःचा दातांचा दवाखाना काढला. पाटी अर्थातच भावजींकडे. त्याने 'वेदनारहित दंतोपचार' हे शब्द गुबगुबीत अक्षरांत मांडून पाटीवाल्याकडे धाडले. गुबगुबीत फॉन्ट मात्र सोबत पाठवायला विसरला. संगणकाने तो शोधला. सापडला नाही. मी उठलो.

"दातांच्या दवाखान्याला असंच लागत असेल," पाटीवाला म्हणाला आणि उद्घाटनाच्या सकाळी टांगूनही आला.

त्या दोन शब्दांतला प्रत्येक काना सुळ्यासारखा खाली आला होता. माणसं यायची, वर बघायची आणि गाल धरून परत फिरायची. दुपारपर्यंत खुर्ची रिकामीच. मेहुणी बाहेर आली. उद्घाटनाला आलेला निर्माता पाटीखालीच उभा होता.

"भावजी, ही पाटी तुमची ना?"

"म्हणजे... अक्षर माझं आहे."

"झालं तर. दुखत नाही हे लोकांना दिसायला नको? बसा खुर्चीत. दार उघडं ठेवते."

"अगं, माझे दात ठणठणीत आहेत."

"ते मी ठरवते. आ करा."

अक्कलदाढ किडकी निघाली. दुखलं नाही, असं मेहुणी सांगते. समोरचा न्हावी वेगळं सांगतो.

'अक्षर माझं आहे' असं तो चारचौघांत म्हणाला, तेवढ्यावर मी त्याला माफही केलं असतं. पण सुजल्या गालाने त्याने पहिली गोष्ट मागवली ती शिडी.

मित्रांनो, आपण घडवलेल्या वस्तूला जपा. निदान तिच्यादेखत तिला चूक म्हणू नका. तुम्ही दिलेली सूचना तुम्ही विसरता, ती विसरत नाही.

सबब, संबंधित खात्यास नम्र विनंती की, सदर पाटी उतरवण्यास तात्काळ स्थगिती मिळावी; यापुढील सर्व दवाखाने, बालवाड्या व वाढदिवसाचे केक यांवर अर्जदाराचीच नेमणूक व्हावी; तसेच निर्मात्याचे उर्वरित एकतीस दात पुढील कार्यवाहीसाठी अर्जदाराच्या नावे राखून ठेवण्यात यावेत.